मागच्या खोलीतलं मशीन

घरात तिला ठमी म्हणत आणि ऑफिसात निद्रादेवी. पन्नाशी उलटली तरी दोन्ही नावं तिला चिकटून होती. ठमी हे नाव तिच्या थोरल्या भावानं, दादानं, ती फ्रॉक घालायची तेव्हा ठेवलेलं. निद्रादेवी हे ऑफिसातल्या टवाळांचं. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा, तिचं कामच यंत्रांना झोपवायचं आणि उठवायचं होतं.

बॅटरीवर चालणारं कुठलंही यंत्र रिकामं राहिलं की डुलकी काढतं. पडदा मालवतं, आतले भाग एकेक करून गप्प होतात, आणि बटण दाबलं की सगळे पुन्हा उठून बसतात. हा कारभार यंत्राच्या पार पोटातला एक प्रोग्राम बघतो, त्याला कर्नल म्हणतात. कुणी आधी झोपायचं, कुणी कुणाला उठवायचं, 'थांबा रे, माझं काम चालू आहे' असं म्हणून सगळ्यांना जागं कुणी ठेवायचं, हे सगळं तिथे ठरतं. त्यात बिनसलं की बॅटरी दुपारपर्यंत बसते, नाहीतर यंत्र झोपतं ते झोपतंच. मग ठमी ट्रेस चालू करायची. ट्रेस म्हणजे पाळत. कर्नलमध्ये जो कुणी झोपला, जागा झाला, ज्यानं दुसऱ्याला उठवलं, त्याची एक ओळ पडत जायची. ओळींचा नुसता पाऊस. त्यात ती डोळ्यांत तेल घालून बसायची आणि संध्याकाळी कधीतरी म्हणायची, "सापडला."

दादा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. बोलणं हाच त्याचा धंदा. शेजारी बसलेला नवशिक्या घामाघूम झालेला असायचा आणि दादाची टकळी चालू. ठमीला नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला होता, "कर्नल? मग रोज सॅल्यूट ठोकत जा त्याला." आणि प्रत्येक यंत्राच्या तुकड्यासाठी एकेक ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो हे कळल्यावर तर त्याला उकळ्याच फुटल्या. "तुझे ड्रायव्हर बरे गं ठमे. निदान सिग्नलला बंद पडले की माझ्याकडे बघून रडत तरी नाहीत."

ठमीनं लग्न केलं नाही. दादा, वहिनी आणि ती, असं तिघांचं घर. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ठमी शाळेत होती. ती ठमीला लाडानं ठमाताई म्हणायची, ते तसंच राहिलं.

दादाचा आजार जिभेपासून सुरू झाला. आधी शब्द घसरायला लागले, मग घास घशात अडकायला लागला, मग पाय गेले, मग हात. नसांचा आजार, त्याला औषध नाही. डॉक्टरांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की वहिनीला वाटलं, काही विशेष नसावं. शरीर असं एकेक खोली बंद करत गेलं. पण कातडीला सगळं कळत होतं, डोक्याला सगळं कळत होतं. शेवटी डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा तेवढा त्याच्या ताब्यात राहिला.

ठमीची कंपनी नेमकी अशाच माणसांसाठी मशीनं बनवायची. बोलणारी मशीनं. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची, हवं ते अक्षर आलं की बटण दाबायचं, आणि शब्द पुरा झाला की मशीन तो बोलायचं. बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं तर मशीन मोठ्यानं म्हणायचं, "इकडे या." कंपनीनं एक मशीन तिला घरी न्यायला दिलं. बटण दादाच्या अंगठ्याखाली बांधलं, वहिनी बाजूला त्याचा दंड घट्ट धरून उभी. बराच वेळ अक्षरं उजळत राहिली, आणि मग मशीन सपाट आवाजात म्हणालं, "क्लच सोड."

वहिनी इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढचे काही महिने बरे गेले. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत हॉर्नचा फार त्रास व्हायचा म्हणून ठमीनंच दादाची खाट मागच्या खोलीत हलवली. तिथे शांत होतं, खिडकीत उजेड होता. मशीन रात्रीपासून सकाळची आवराआवर होईपर्यंत चार्जरवर असायचं. दिवसा खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर अशी त्याची उचलाउचल चालायची. त्यात वायर एकदा पायात येऊन वहिनी पडता पडता वाचली होती, म्हणून दिवसा ते बॅटरीवर.

मग मशीन नखरे करायला लागलं.

"ठमाताई, दुपारचं उठतच नाही गं हे," वहिनी म्हणाली. "मी पडद्याला हात लावला की लगेच उठतं. त्यांनी दाबलं की ढिम्म."

"रात्री?"

"रात्री कधी नाही. सकाळीही नाही. दुपारीच."

ठमीनं ते ऑफिसात नेलं. दिवसभर टेबलावर ठेवून दर थोड्या वेळानं बटण दाबलं. मशीन प्रत्येक वेळी टुणकन उठलं. शेजारच्या टेबलावर हार्डवेअर बघणारा एक जण बसायचा. त्याच्या शर्टाला कधी सुरकुती पडलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून त्याला सगळे इस्त्री म्हणत. त्यानं बटण उघडून बघितलं, पुन्हा लावलं. "ठणठणीत आहे. तुमच्या भावाचा अंगठा दुपारी थकत असेल."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. स्नायू सकाळी ताजे असतात, दिवस चढतो तसा जोर ओसरतो. सगळं इतकं जुळत होतं की शंकेला जागाच उरली नाही. हलकं दाबलं तरी चालेल असं नवं बटण इस्त्रीनं बनवून दिलं. तेही दुपारी चालेना. वहिनी म्हणायची, "अहो, जरा जोर लावा ना. प्रयत्न तरी करा." दादा डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहायचा.

"घरीच ट्रेस लावून ठेवा ना," इस्त्री एकदा सहज म्हणाला. "तुमच्याच हातातलं काम."

तिनं लावला. मशीन आपल्या पोटात आपल्याच झोपेच्या नोंदी ठेवत राहील, अशी सोय केली. रविवारी निवांत बघू, म्हणाली. रविवार यायचा होता.

मधल्या एका दुपारी वहिनीनं दादाचे पाय गार लागले म्हणून गरम पाण्याची पिशवी पोटरीखाली ठेवली आणि ती औषधं आणायला खाली गेली. येताना तळमजल्यावरच्या मैत्रिणीनं तिला आत ओढलं. किती महिन्यांत वहिनी कुणाकडे टेकली नव्हती. चहा झाला, एकीच्या सुनेचं, दुसरीच्या गुडघ्याचं बोलणं झालं. वर आली तेव्हा पिशवीचं बूच सैल होऊन पाणी झिरपलं होतं. गादी ओली, पोटरीवरची कातडी सोललेली, आणि दादाच्या कपाळावर घामाचे थेंब.

ठमी धावत घरी पोचली तेव्हा वहिनी ओरडत होती. रागानं नव्हे, भीतीनं.

"दाबायचं ना हो! हाताशी एवढं मशीन दिलंय, एकदा तरी दाबायचं! मी खालीच होते. खिडकी उघडी होती, मला ऐकू आलं असतं."

दादानं डोळे मिटून घेतले होते. डोळे वर केले की हो, खाली केले की नाही, अशी त्यांची खूण ठरलेली होती. पण त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस तो कशालाच हो किंवा नाही म्हणाला नाही.

हॉस्पिटलात जखम चिघळली. डॉक्टरांनी त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरला, "दाबा," म्हणाले. काही झालं नाही. "गेला हाही," ते ठमीला बाहेर येऊन म्हणाले. घरी आल्यावर मशीन कपाटावर गेलं. ट्रेसचं ठमीच्या लक्षातही राहिलं नाही. लक्षात असतं तरी आता काय बघायचं होतं? अंगठाच नाही, तर बटणाची चौकशी कशाला?

मशीन परत करायची वेळ आली तेव्हा ती ते पिशवीत घालून ऑफिसात घेऊन गेली. परत करण्याआधी आतलं सगळं पुसायचं असतं. पुसण्याआधी नोंदी उतरवून घ्यायची तिच्या हाताला सवय होती, म्हणून उतरवल्या. जेवण झालं होतं, पुढची मीटिंग व्हायला अवकाश होता. तिनं उगाच फाइल उघडली.

आधी तिला तो एक चांगला नमुना वाटला, बस. मशीन झोपलं. बटण दाबलं गेलं. कर्नलनं मशीनला उठवायला घेतलं. आतले भाग जागे झाले. बटणानं आपला निरोप वर पाठवला आणि आपलं काम झालं म्हणून ते मोकळं झालं. निरोप बोलणाऱ्या प्रोग्रामच्या हाती पडायला अजून क्षणभर हवा होता. तेवढा वेळ 'थांबा' म्हणणारं कुणीच नव्हतं. कर्नलनं चौकशी केली, कुणाचं काही काम आहे? कुणी बोललं नाही. मशीन पुन्हा झोपलं. पडदा उजळायच्याही आधी.

खाली पुन्हा तेच. बटण, जाग, झोप. बटण, जाग, झोप.

ऑफिसात असं का होत नव्हतं, तेही त्या ओळींवरून तिला कळलं. ऑफिसात नेटवर्क तगडं. मशीन उठलं की नेटवर्कचा भाग आधी आपल्या कामाला लागायचा आणि त्याच्यासाठी सगळ्यांना जागं राहावं लागायचं. तेवढ्यात बटणाचा निरोपही पोचून जायचा. चार्जर लावलेला असला की तोही असंच जागं ठेवायचा. मागच्या खोलीत नेटवर्क पोचत नव्हतं, आणि दुपारी चार्जर नव्हता. बटणाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिला होता, झोपेचा लिहिणाऱ्यानंही बरोबर लिहिला होता. दोघांच्या मधली ती फट कुणाच्याच वाट्याला आलेली नव्हती.

"अरे वा," मागून इस्त्री वाकून बघत म्हणाला. "सिग्नल बघा किती स्वच्छ आहे. एकही दाब वाया गेलेला नाही. मी म्हटलं नव्हतं, बटण ठणठणीत आहे?"

ठमीनं तारीख बघितली. ती पिशवीची दुपार होती.

ओळी संपत नव्हत्या. आधी थांबून थांबून, जसा माणूस हाक मारून वाट बघतो तसं. मग भराभर. मग एकदा बराच वेळ दाबून धरलेलं, ते 'इकडे या'. मग पुन्हा. मग अंतरं वाढत गेली. त्यानंतर पडद्याला हात लागल्याची नोंद होती, म्हणजे वहिनी खोलीत आली होती. त्यापुढे बटणाची एकही ओळ नव्हती. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही.

तिनं वर जाऊन आधीच्या दुपारी बघितल्या. तिथेही होता तो. दाबत होता.

इस्त्री काहीतरी विचारत होता. ठमी उठली, बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि हात धूत उभी राहिली. हात तर स्वच्छच होते.

दुरुस्ती एवढीशी होती. निरोप पोचेपर्यंत बटणानं मशीनला धरून ठेवायचं, पोचला की सोडायचं. ती लिहून, तपासून ठमी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, भावाबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, ते खरंच वाटलं असावं. मग म्हणाला, "पण ते मॉडेल आपण बंद केलंय. त्यावर नवीन काही पाठवायचं तर सगळी तपासणी पहिल्यापासून करून घ्यावी लागते. नव्या मॉडेलमध्ये तुमची दुरुस्ती घालू."

"जुनी मशीनं लोकांच्या घरात आहेत, सर. आज, आत्ता, कुणीतरी दाबत असेल."

"तशा तक्रारी तर आलेल्या नाहीत."

"ज्यांचा आवाजच ते मशीन आहे," ठमी म्हणाली, "ते तक्रार कशानं करणार?"

साहेबानं टेबलावरचं पेन उचलून काहीतरी टिपून घेतलं. "वर बोलतो मी," तो म्हणाला.

तो बोललाही. बऱ्याच दिवसांनी कंपनीच्या वेबसाइटवर, सूचनांच्या यादीत पार खाली एक वाक्य आलं: मशीन शक्यतो चार्जरला लावून ठेवावे.

पण ते नंतर. त्या दिवशी तिनं दुरुस्ती दादाच्या मशीनमध्ये घातली आणि ते पुन्हा घरी आणलं. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दादा खाटेवर उताणा, तोंड खिडकीकडे. ठमी खुर्ची ओढून बसली.

"दादा, तू दाबत होतास," ती म्हणाली. "मी बघितलं सगळं. अंगठा चांगला होता तुझा. मशीन ऐकून घेत होतं आणि पुन्हा झोपत होतं. आम्ही तुलाच..."

दादानं डोळे तिच्याकडे वळवले. त्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आता नीट केलंय. लावू?"

त्याची नजर मशीनवर गेली. मग डोळे वर गेले. हो.

तिनं बटण अंगठ्याखाली बांधलं, मशीन आपल्या लॅपटॉपला जोडलं आणि ट्रेस चालू केला. दाब किती का हलका असेना, इथे दिसेल. "दाब दादा. हळूच दाबलंस तरी चालेल."

त्याच्या कपाळाची शीर फुगली. मान ताठ झाली. पडदा रिकामाच राहिला. तिनं बटण जरा आत सरकवलं, बोटानं त्याच्या अंगठ्याला आधार दिला. "परत." पुन्हा ती शीर, पुन्हा तो श्वास. पडद्यावर एकही ओळ आली नाही. डॉक्टरांनी मुठीत धरला तेव्हा अंगठा खरोखर गेलेला होता, की तेव्हा दादानं दाबलाच नव्हता आणि कपाटावरच्या दिवसांत तो गेला, हे सांगणारी नोंद कुठेच नव्हती. तिसऱ्यांदा ती "परत" म्हणाली तेव्हा त्यानं डोळे खाली केले. नाही.

वहिनी रिकामी बादली घेऊन आत आली ती दारातच थांबली. बांधलेलं बटण, लॅपटॉप, ठमीचा चेहरा, सगळ्यावरून तिची नजर फिरली.

"काय सापडलं?" तिनं विचारलं. आणि ठमी बोलायच्या आत, जणू हा प्रश्न तिच्या तोंडात कित्येक दिवस तयारच होता, "त्या दिवशी दाबलं होतं का यांनी? दिसतं का त्यात?"

ठमीनं आयुष्यभर ट्रेसमध्ये जे दिसलं तेच सांगितलं होतं. त्यापायी तिनं साहेबांशी भांडणं केली होती, कितीतरी हुशार माणसांची तोंडं बंद केली होती. आता तिनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

वहिनी खाटेजवळ गेली. बादली अजून हातातच. "अहो," ती दादाला म्हणाली, "खरं सांगा. मी ओरडणार नाही. मला हाक मारत होतात का तुम्ही?"

दादानं तिच्याकडे बघितलं. मग डोळे खाली केले. नाही.

"मग? झोप लागली होती का?"

डोळे वर. हो.

"पाणी लागलं ते कळलंच नाही? मी आले तेव्हा जाग आली?"

हो.

वहिनीनं बादली खाली ठेवली आणि ती खाटेच्या कडेवर मटकन बसली. "बघ ना गं ठमाताई," ती म्हणाली, आणि कितीतरी आठवड्यांनी तिच्या आवाजात थोडी कुरकूर आली, पूर्वीसारखी. "माणूस भाजतोय आणि हे घोरतायत. आणि मी इथे जिवाला घोर लावून बसलेय." ती पदरानं त्याचं कपाळ पुसायला लागली. कपाळ अजून ओलं होतं. ते कशानं, ते तिनं विचारलं नाही.

"त्यात काय दिसलं?" तिनं पुन्हा ठमीला विचारलं, पण आता सहज, उत्तर माहीत असल्यासारखं.

"काही नाही," ठमी म्हणाली. "त्या दिवशीचं काही नाही त्यात."

दादा तिच्याकडे बघत होता. तिनं बटणाची पट्टी सोडली.

त्यानंतर दादा फार दिवस राहिला नाही. छाती भरत गेली, घास बंद झाला, मग नळीचं अन्नही अंगी लागेना. शेवटच्या दिवसांत डोळेसुद्धा वर जायचे थकले. काय हवंय, काय नकोय, ते दोघी अंदाजानं ठरवायच्या, आणि चुकायच्या, आणि चुकलो हे कळायचं नाही. एका सकाळी वहिनीनं त्याचं तोंड पुसायला फडकं पिळलं, आणि ते तसंच हातात धरून ती ठमीला हाक मारायला आली.

ठमीनं फाइल पुसली नाही. पुसायची म्हणून उघडायची, पहिल्या ओळीपाशी थांबायची आणि बंद करायची. कामावर गेली, करत राहिली. नव्या मॉडेलच्या झोपेत बिघाड निघाला की तिलाच बोलवायचे आणि ती ओळी निवडत बसायची. पण बटणाची नोंद दिसली की तिचा हात थांबायचा. कुण्या इंजिनीअरनं टेबलावर बसून चाचणीसाठी दाबलेलं बटण आहे, हे स्वतःला समजावून सांगावं लागायचं. जुन्या मॉडेलची दुरुस्ती मंजुरीच्या रांगेत पडून होती. ती अधूनमधून जाऊन बघायची. कुणी ती नाकारलीही नव्हती.

घरी कुणी भेटायला आलं की वहिनी सगळं पहिल्यापासून सांगायची. आजार, हॉस्पिटल, पोटरीची जखम. "पण एक बरं झालं," ती सांगायची, "तेव्हा ते गाढ झोपेत होते. त्यांना कळलंसुद्धा नाही. नाहीतर हाक मारलीच असती त्यांनी, मशीन होतं ना हाताशी." आणि दुजोऱ्यासाठी ठमीकडे वळायची. "हो ना गं?"

"हो," ठमी म्हणायची, आणि रिकामे कप उचलून आत जायची.